मोठ्यानं म्हटलेलं आमेन

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज प्रार्थना माझ्याकडेच. हे गेल्यापासून गुरुवारची प्रार्थना इथंच भरते, आणि खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढ्याच दिवशी दाराशी चपलांचा ढीग दिसतो. एरवी माझी एक जोडी.
साक्ष द्यायला कमल उठली. म्हणाली, "सुई सोडली मी. पंधरा दिवस झाले. प्रभूनं बरं केलं मले. काईच तरास नाई." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. सवय! गाणं संपलं की आमेन, चहा आला की आमेन. शाळेत शिकवायचा घसा, त्यामुळे माझंच सगळ्यांत मोठ्यानं.
मग स्वयंपाकघरात चहा गाळताना कमल मागून म्हणाली, "बाई, माया चहात साखर टाकजा आता." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. इन्सुलिन सोडलंय हिनं.

७ नोव्हें., शुक्र.
यांचं डायलिसिस आठवत राहिलं. सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फेऱ्या, तो सुजलेला हात. यांनी काही देवासाठी पथ्य मोडलं नव्हतं, मोतीचुराच्या लाडवांसाठी मोडलं होतं. पण साखरेला कारण कुठे कळतं.
संध्याकाळी कमलकडे गेले. साखरेत पाय आधी बिघडतात, म्हणून पाय बघू दे म्हटलं, दाखवला नाही. "बाई, तुमचा विश्वास कमी पडून राह्यला." वीस वर्षांची मैत्रीण. तिची दोन्ही पोरं माझ्या वर्गात होती. रागही आला आणि रडूही. तिच्या सुनेनं पाणी आणलं, ते पिऊन परतले.

९ नोव्हें., रवि.
उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "बाई, दुसऱ्याच्या विश्वासाचा न्याय करणारे आपण कोण?" आणि पुढे, यंदा नाताळच्या नाटकात मेंढपाळांचे कपडे तुम्हीच शिवणार ना.
न्याय करू नका, हे मीच रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं. पण त्याच अध्यायात थोडं खाली फळावरून झाड ओळखायलाही सांगितलंय. तिथवर कोणी वाचतच नाही. बाजारात संत्रं हातात घेऊन दाबून बघते, तेव्हा मी संत्रेवालीला दोषी ठरवते का? पारख आणि न्याय यांत फरक आहे. आहे ना?
कपडे शिवते म्हणाले.

११ नोव्हें., मंगळ.
ब्रदर आला. हिंगणघाटकडचा पोरगा, दोन वर्षांपासून आमच्या गुरुवारच्या प्रार्थना तोच चालवतो. सिलिंडर बदलून दिलं. मला ताप होता तेव्हा हाच उशाशी बसला होता, माझा मुलगा पुण्याहून फोनवर होता. आई म्हणतो मला. म्हणून तर जीभ उचलत नव्हती.
तरी विचारलं.
"मी सुई सोडा असं कोणालेच म्हटलं नाई, आई. विश्वास ठेवा म्हटलं."
"मग गुरुवारी सगळ्यांसमोर सांग, विश्वास ठेवा आणि सुईही घ्या."
कप खाली ठेवला. मग हळूच, "तुमी दोष लावून राह्यल्या माझ्यावर."
नेहमीसारखा स्वतःचा कप विसळून ठेवला आणि गेला. वाईट माणूस असता तर सोपं होतं.

१३ नोव्हें., गुरु.
वाट पाहिली. त्यानं काही सांगितलं नाही. साक्षीच्या वेळी मी उठले. म्हटलं, प्रभू बरं करतो, पण डॉक्टरनं सांगितल्याशिवाय औषध सोडू नका, कमल, तू आजपासून परत सुरू कर. एवढंच. आवाज चढला असेल थोडा.
एक आमेन नाही. कमल सगळ्यांत आधी उठली, चप्पल पायात न घालता हातात घेऊन निघाली. चहा पातेल्यात तसाच. एवढ्या चहाचं एकटीनं काय करायचं? ओतून दिला.

१६ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये माझ्या बाकावर मी आणि पर्स. दुपारी ग्रुपवर मेसेज: पुढील गुरुवारपासून प्रार्थना स्टेलाबाईंकडे. कारण नाही. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मीही जोडले. काय करणार!

२० नोव्हें., गुरु.
हात आपोआप सतरंजीकडे गेला. अंथरली. मग लक्षात आलं, घडी करून ठेवली.
स्टेलाचं घर मागच्याच गल्लीत. गाणं ऐकू येत होतं, टाळ्या थोड्या मागेपुढे. दुसरं कडवं मी ओट्याशी उभी राहून म्हटलं. मुलाचा फोन आला: "आई, तू कशाला मध्ये पडतेस?" बरोबर असेल त्याचं. फार एकटं वाटतंय.

२५ नोव्हें., मंगळ.
दुपारी फाटक वाजलं. कमल. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. आत आली नाही. पदराखालून आइस्क्रीमचा डबा काढला.
"तुमचा फ्रिज चालू हाये नं? हे ठेवा. घरी नाई ठेवता येत. सून फ्रिज उघडते अन् ब्रदरले सांगते."
डब्यात इन्सुलिन. नवीन बाटली.
"घेशील?"
"पाहीन. रागावलीच हाये मी तुमच्यावर."
"सगळ्यांसमोर बोलले म्हणून?"
"त्यासाठी नाई." खांबाला टेकली. "त्या दिवशी लय भेव वाटून राह्यलं होतं मले. म्हणून तुमच्या घरी साक्ष देली. वाटलं, चुकत असन तर बाई तिथंच अडवतीन. तुमी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं."
आत ये, म्हटलं. आली नाही. "सकाळी येतो," म्हणून गेली.
ब्रदरला पारखायला निघाले होते. माझ्या तोंडून काय गेलं, ते पारखलंच नाही.

२६ नोव्हें., बुध.
डबा दह्यामागे आहे. दोनदा उघडून पाहिला. आधण दोन कपांचं ठेवलं, साखर न घालता. फाटक वाजलं म्हणून उठले, दूधवाला होता.
उन्हं अंगणात आली. अजून नाही. थोड्या वेळानं मीच जाईन तिच्याकडे, सून असली तर असली.
सकाळची प्रार्थना केली, शेवटचा शब्द तेवढा म्हटला नाही. कमल आली की म्हणेन.