मेहुणी आणि दोन्ही गोलार्ध

कादिझ, सप्टेंबर १८११

प्रिय कासिल्दाताई,

तुझा गुडघा कसा आहे? गालिसियात पाऊस, कोंबड्या आणि सासूबाई आपापल्या जागी असतील असं धरून चालते. आम्ही सुखरूप. खाडीपलीकडून फ्रेंच रोज तोफा डागतात; परवाचा गोळा गल्लीत पडून फुटलाच नाही (शेजारणीने तो दाराला अडसर म्हणून नेला).

तू विचारलंस, "आमचे हे संसदेत तोंड उघडतात का?" अगं, तेल्मोभावोजी आठ महिने माझ्याकडे राहतात, पण संसदेचं नाव काढलं की "चाललंय" म्हणून सूपात डोकं घालतात. म्हटलं, आपणच जाऊन बघावं. पण गॅलरीत बायकांना बंदी! (राजा फ्रान्समध्ये कैदेत, म्हणून सत्ता आता प्रजेची, असं तिथे रोज ओरडून सांगतात. प्रजेत बायका धरल्यात का, हे कुणाला सुचलेलं नाही.) म्हणून आमच्या दिवंगत यजमानांचे कपडे चढवले, केस टोपीत कोंबले आणि गेले. संसद भरते चर्चमध्ये. दारवान म्हणाला, "काका, देवाचं घर आहे, टोपी काढा." मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डोक्यात गळू झालंय." बिचाऱ्याने मला पुढचीच जागा दिली!

खाली नव्या घटनेचं पहिलं कलम चाललेलं: राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतले, इथले आणि समुद्रापलीकडच्या अमेरिकेतले, सगळे स्पॅनिश लोक. एकेक वक्ता तासभर. आणि अचानक आपले भावोजी उभे! ताई, अंगावर काटा आला गं. पण बोलले ते स्वतःच्या गळपट्ट्याशी. मला राहवेना. कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो भावोजी, जरा मोठ्यानं बोला की!" टोपी पडली थेट एका बिशपच्या मांडीवर, केस मोकळे. "बाई! बाई!" असा एकच गलका. अध्यक्ष घंटा बडवताहेत, दारवानाने माझा दंड धरलेला, आणि तेवढ्यात भावोजी गरजले, "सोड तिला! दोन्ही गोलार्धांतले सगळे म्हणताय ना? मग माझी मेहुणी यांतल्या कुठल्या गोलार्धात बसत नाही, ते आधी सांगा!"

अख्ख्या गॅलरीने वाहवा करत पाय आपटले! मला हाकलून दिलं ते दिलंच, पण मी हसत, रडत, विजार सावरत घरापर्यंत पळत आले. असा माणूस तू नवरा म्हणून निवडलास, ताई! आजवर मी तुला मूर्ख समजत होते, माफ कर.

तुझीच,
रुफिना

ता. क. त्या दिवसापासून ते थांबतच नाहीत. जिन्यात बोलतात, दाढी करताना बोलतात. काल माशाचा काटा घशात अडकला, तरी हातवारे चालूच.

ता. क. दुसरा : काल कळलं की मला पुन्हा आत सोडू नये म्हणून माझं वर्णन दारवानाला भावोजींनीच दिलंय. म्हणे, "घरचं माणूस वर बसलं की माझी वाचा बसते." पुढच्या महिन्यात त्यांचं मोठं भाषण आहे. तेव्हा पहिल्या जहाजाने तूच ये. वर्णन फक्त माझं दिलंय.