बाळंतिणीचं खाचर

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला धीर होतोय. मी संस्कृतची शब्दरूपं घोकायचो, रामः रामौ रामाः, आणि तू चुलीपाशी नागलीची भाकरी थापत म्हणायचीस, "एकाच देवाला किती हाका मारशील रं? येयाचा तर येल." रागावलीस एकदाच. शाळेत कुणी म्हणालं होतं, तुझे आईबाप लग्नगडी. मी घरी येऊन अर्थ विचारला. तू पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवलास. "ह्यो शबुद घरात नको."

अर्थ पुढे कळला. लग्नासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि मग नवराबायकोनं त्याच्याच शेतात राबायचं, फिटेपर्यंत. ती फिटत नाही. तेव्हापासून प्रत्येक अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' लिहीत आलो. कुणाची, ते कुणी विचारलं नाही.

आता एका कायद्याचा मसुदा आलाय. वेठीला राबलेल्यांच्या वारसांना जमीन द्यायची, आणि आमचं चुकलं असं सरकारनं लेखी म्हणायचं. मंजूर होईल तेव्हा होईल. परवा मोखाड्याला त्यावर सभा होती. सरकारतर्फे ऐकून घ्यायला आलेला साहेब भला माणूस, पण पुरावा मागत होता. वेठीची पावती कोण देतो?

मग साखरशेतची म्हातारी उठली, तुझ्या जोडीनं आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची ती. "कागुद नाय. शेतांची नावा सांगू?" पाणी उतरतं त्या क्रमानं ती सावकाराची भातखाचरं सांगत गेली. उंबराचं, वाकडं, खेकड्याचं... डोळे मिटलेले, बोटं रोप लावल्यासारखी हलताहेत. आयुष्यभर मी पाठांतर शिकवलं, असं पाठांतर ऐकलं नव्हतं. शेवटचं नाव आलं, बाळंतिणीचं.

मागे सावकाराचा नातू बसला होता. तो उठला. "बाकीची सगळी बरोबर आहेत. शेवटचं नाव तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. लिहून घ्या, साहेब."

"बाळंतिणीचं का?" साहेबांनी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या मास्तरचे आयसला आवणीत कळा आल्या. ह्यो तिथलाच. आमीच नाव ठेवला."

पन्नाशी उलटल्यावर मला माझं जन्मस्थान कळलं, तेही सरकारी सभेत. काल जाऊन आलो. चपला काढल्या, बांधावर उभा राहिलो, आत पाऊल टाकवलं नाही.

साहेबांकडे दिलेल्या अर्जात मात्र 'आईचा व्यवसाय'पुढे तो शब्द लिहिला, आई. तुला न विचारता.