भोंबोलचं जेवण

चंदननगर, ६ जुलै

ती. दीदीस, तोतनचा सा. न. वि. वि.

फोन माच्या खाटेला लागून आहे आणि बोलायचं तिच्याबद्दलच, म्हणून पत्र.

बाबांचा भोंबोल आजारी आहे. तुला तो काळा-नारिंगी लठ्ठ मासा एवढंच माहीत. पण बाबा गेले तरी संध्याकाळी काचेला तोंड लावून त्यांची वाट बघणारा या घरात तोच होता. आता त्याच्या डोक्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडलेत, पोहायचे पर कडेनं झिजलेत. माशांच्या दुकानातून पाणी तपासायची पेटी आणली. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं राहिलं तर ठीक. आपलं जास्वंदीसारखं लालभडक झालं. याला नायट्रेट म्हणतात. उरलेलं अन्न आणि माशाची घाण कुजून शेवटी हे होतं. फिल्टरमुळे पाणी नितळ दिसतं, पण हे त्यातच राहतं. पाणी बदललं तरच कमी होतं, आणि खाणं कमी केल्याशिवाय वाढायचं थांबत नाही.

मी रोज पाणी उपसतो, खडीत नळी खुपसून गाळ ओढतो, मनीप्लांटच्या मुळ्याही पाण्यात सोडल्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. कारण मी मिलमध्ये गेलो की मा त्याला जेवायला वाढते. खायला टाकत नाही, वाढते! बाबा गेल्यापासून स्वतः मासळी तोंडात घालत नाही, पण याच्यासाठी बारकी कोलंबी आणते, सोलते, वाटीत घेऊन टाकीपाशी बसते. मग विटाळ जावा म्हणून अंघोळ, धुतलेली साडी, आणि त्यानंतर स्वतःचा भात. असं तिन्ही त्रिकाळ. मी म्हटलं, मा, त्याला दिवसाआड पुरे. तर म्हणाली, तुला वाढू का दिवसाआड? मी हट्टानं कोलंबी बंद केली, तर तिनंही ताट घेतलं नाही. शेवटी मीच बाजारात जाऊन कोलंबी आणून दिली.

मासा वाचवायचा तर मा उपाशी, मा जेवायची तर मासा जातो. बाबांची एवढी एकच जिवंत वस्तू आहे, दीदी. काय करू ते कळव.

लोभ मोजायची नळी अजून निघालेली नाही, तेव्हा तो आहे असं धरून चालतो.

तुझा
तोतन

*

जमशेदपूर, १५ जुलै

चि. तोतन यास अ. उ. आ.

लग्न कर म्हणून मी घसा कोरडा केला, आणि तू माशाच्या उशापायथ्याशी बसून आहेस! तुझे जामाईबाबू म्हणाले की तसाच दुसरा मासा आणून सोडावा, माला काय कळतंय. मी म्हटलं, तुमच्या जागी दुसरा आणून बसवला तर मला कळणार नाही का? तेव्हापासून वर्तमानपत्रात डोकं घालून आहेत.

मला वेगळाच संशय येतो. कोलंबी तिलाच खावीशी वाटत असणार. दुधी-कोलंबी म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि विधवा झाली म्हणून एका दिवसात सोडून दिली. कुणी सांगितलं होतं? तू बोलणार नाहीस, तुझी छाती मला ठाऊक आहे. मीच तिला लिहिते, की मा, तू खा. मग त्या बिचाऱ्याला तुझ्या वाटणीचं खावं लागणार नाही.

पाणी उपसताना कमरेला जप. रागावलास तरी लोभ ठेव.

तुझी
दीदी

*

चंदननगर, २८ जुलै

चि. सौ. झुमास माचे अ. आ.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. रागावले नाही. जिभेला आठवण येतेच, खोटं कशाला बोलू? पण ते कारण नाही गं.

तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. पोट फुगलेलं, नाकात नळी. तोतन औषधं आणायला खाली गेला आणि यांनी माझा हात धरला. म्हणाले, घासभर भात दे, डब्यात काय आहे? डब्यात दुधी-कोलंबी होती. घरून निघताना मीच वेड्यासारखी करून नेली होती. मी म्हटलं, बरे झालात की देते, आता नको, तुमच्याच भल्यासाठी. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ते परत वळवलंच नाही. डबा तसाच घरी आणला.

आता तोतन नळीतलं लाल पाणी दाखवतो आणि म्हणतो, मा, देऊ नकोस, त्याच्याच भल्यासाठी. तो खरंच सांगत असेल. शिकलेला आहे, डॉक्टरही शिकलेलेच होते. पण तो मासा तोंड उघडून समोर येतो, आणि माझ्याच्यानं नको म्हणवत नाही.

तोतनला सांगू नकोस. तो औषध आणायला गेला होता, त्याच्या मनाला लागेल.

वेळेवर जेवत जा, म्हणजे माझे आशीर्वाद अंगी लागतील.

मा

*

चंदननगर, २४ सप्टेंबर

ती. दीदीस, तोतनचा सा. न. वि. वि.

मानं सांगू नको म्हटलेलं तू सांगितलंस, बरं केलंस. त्या दिवशीच मी तपासणीची पेटी उचलून माळ्यावर टाकली. पाणी लाल होणार हे माहीत असताना ते पुन्हा बघून काय करायचं? मिलमध्ये दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळ-रात्र पाणी बदलत राहिलो. तिनं वाढायचं, मी उपसायचं.

पण उशीर झाला होता. गेल्या आठवड्यापासून त्यानं खाणंच सोडलं. कोलंबी समोर पडलेली आणि हा कोपऱ्यात कलंडलेला. वाढून झालं की मा अंघोळीला जाते, तेवढ्यात मी जाळीनं सगळी कोलंबी काढायचो, बादलीत टाकून वर फडकं. ती ओल्या केसांनी येऊन विचारायची, खाल्लं का सगळं? मी म्हणायचो, सगळं. मग ती निवांतपणे जेवायला बसायची.

परवा सकाळी भोंबोल गेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा मा शांत आहे. म्हणाली, पोटभर खाऊन गेला, तोतन. मी हो म्हटलं. नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला कण्हेरीखाली पुरला.

खोटं बोललो. मासा तर वाचवता आला नाही, निदान तिचा जेवण्याचा नेम वाचला असं मनाला सांगतो. तू तरी यावर रागावू नकोस. सध्या तुझ्या लोभाशिवाय हाताशी काही नाही.

तुझा
तोतन

*

चंदननगर, २ ऑक्टोबर

चि. सौ. झुमास माचे अ. आ.

भोंबोल गेल्याचं तोतननं कळवलंच असेल. टाकी तशीच आहे. पाणी अजून काढलं नाही. मी काढ म्हणत नाही आणि तो विचारत नाही.

तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मासा खात नव्हता. तोतन बादलीतून कोलंबी लपवून न्यायचा. न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून दिसतं सगळं. पोर एवढ्या काळजीनं वर फडकं टाकायचं, की मी आणखी दोन तांबे अंगावर घ्यायचे, म्हणजे त्याला वेळ मिळावा. मग बाहेर येऊन विचारायचं, आणि त्यानं हो म्हटलं की जेवायचं. घास उतरायचा नाही, पण त्याच्यासाठी उतरवायचे. हे मात्र त्याला खरंच कळवू नकोस हं, तुझ्या पोटात काही राहत नाही.

एक विचारायचं होतं. यांना नको म्हटलं, ते गेले. याला घे म्हटलं, हाही गेला. तू शाळेत एवढ्या मुलांना शिकवतेस. मग माणसानं करायचं तरी काय, ते ठाऊक असेल तर लिही.

ठाऊक नसेल तरी लिही.

मा