बाबुसोची जीप धुतली

१४ सप्टेंबर, रविवार
आज सकाळी देवाला फुलं वाहायच्या आधीच पंप चालू केला. असं मी कधी करत नाही. शेडमागे पडलेला गाडीचा एक जुना उघडा एअर फिल्टर कुंपणाच्या खुंटीला अडकवला आणि लांबून धार मारत जवळ जवळ गेलो. सहा हातांवर काही नाही. तीन हातांवर आतून ओल आली. दीड हातावर पाणी सरळ आरपार. मग पंप बंद केला, हातपाय धुतले, पूजेला बसलो. तोंडात देवाचं नाव, मनात दीड हात.

कारण काल संध्याकाळी बाबुसोचा फोन आला. "अण्णा, दसऱ्याआधी गाडी धुऊन पायजे. जोयड्यात चालू पंप तुझाच एक हाय." दोन वर्षांनी आवाज ऐकला. काही झालंच नव्हतं असा.

यापुढे बा. एवढंच लिहीन. पुरं नाव लिहावंसं वाटत नाही.

१६ सप्टेंबर
लक्ष्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "येऊ दे की. धुवा आणि द्या." थोड्या वेळानं मान वर न करता, "का? हात कापतात?" बायको असून असं बोलते.

झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

दोन वर्षांमागच्या दसऱ्याला देवळासमोर गाड्यांची पूजा. बा.नं जुन्या जीपचा कंपनीचा फिल्टरचा बंद डबा काढून बाहेरचा उघडा फिल्टर बसवला होता. गाडी जास्त ओढते म्हणे. पूजेला आमच्याकडे बॉनेट उघडतात, इंजिनालाही हळदकुंकू, अक्षता. बा.नं मूठभर कुंकू फिल्टरवरच टाकलं. मग मला म्हणाला, "अण्णा, ते धुऊन टाक बिगी बिगी. रांगेत पयली माझी निघायची हाय. इंजिन बंद करू नको, बॅटरी उतरलीया." मी देवळाच्या नळाचा पाईप घेतला आणि पाणी मारलं. इंजिन एकदा उचकलं आणि थांबलं. पाणी आत ओढलं गेलं, रॉड वाकला.

तिथंच, सगळ्या गावासमोर बा. ओरडला, "मी बंद कर म्हटलं हुतं! ह्याला गाडी धुवाय येत न्हाई, ह्यो देवाची पालखी काय धुणार?" लोक हसले.

पालखी ओढ्यावर नेऊन धुण्याचा मान आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून. मागच्या दसऱ्याला पंचांनी तो बा.ला दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. देवळात गेलो. पालखीच्या पितळेवर, दांडीच्या खोबणीत, घासायला लावलेली चिंच वाळून राहिली आहे. ज्यानं धुतली त्यानं पाणी दोनदा घेतलं नाही. नखानं खरवडली. हात लावायचा आता मला अधिकार नाही, तरी.

गुरवाला विचारलं, कुणावर देवापुढं गाऱ्हाणं घालायचं झालं तर? कुणावर, ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "घालू. दसऱ्याला पालखी भायेर आल्यावर घालू, सगळ्यांसमोर. पण अण्णा, तुझं जेवढं चुकलंय ते पयलं सांगावं लागतंय. एक शब्द लपवलास तर उलटून तुझ्याच घरावर."

इथंच अडतं. माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे. फिल्टर उघडा दिसत होता. इंजिनचा आवाज ऐकू येत होता. पाणी आत जाणार हे मला कळत नव्हतं? चारचौघांत बा.ला नाही म्हणायची लाज वाटली, एवढंच. शाळेतही त्याला कधी

(इथंच थांबलो. गिऱ्हाईक आलं.)

२७ सप्टेंबर, शनिवार
आली. नवी जीप, कुंभारवाड्याच्या वाटेचा चिखल छतापर्यंत. बॉनेट उघडलं तर पुन्हा तसलाच फिल्टर.

"परत हेच बसवलंस?"

"वाघासारखी पळतीया! तू आपलं नीट धू. ह्या टायमाला इंजिन बंद करून, व्हय ना?" आणि हसला. गणेशगुडीचे दोन ड्रायव्हर थांबले होते, तेही हसले. मग तिघं चहाला गेले. चावी गाडीतच.

शेडमध्ये मी एकटा. पंप चालू. दीड हातावर उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. चावी फिरवायची, धार सोडायची, एवढंच काम होतं.

नाही केलं. दया आली म्हणून नव्हे. माझ्या हातानं मोडली असती तर ती माझी करणी झाली असती. देवानं मग काय करायचं? त्याच्यासाठी काही शिल्लकच राहिलं नसतं.

म्हणून आयुष्यात कुठली गाडी धुतली नसेल तशी धुतली. आधी इंजिन गार होऊ दिलं. फिल्टरला प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी घातली, तोंडाशी ट्यूबच्या रबरानं आवळली. वायरींच्या जोडांवर, आल्टरनेटरवर फडकं. बॉनेटखाली पंप लावलाच नाही. ओल्या कापडानं पुसलं. बाहेरून धार मारली ती बॉनेट बंद करून, चाकाकडून, जाळीपासून लांब. मग पिशवी काढली, आत बोट फिरवलं. कोरडं. बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास उन्हात.

बा. आला. "किती येळ रं? म्हस धुतोयस काय?"

"चालू कर."

पहिल्या चावीला चालू झाली.

"शिकलास म्हणायचं!" पाठीवर थाप मारून गेला. अंगावरचा सदरा लगेच धुवायला टाकला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पंपाला हार घातला, नारळ फोडला. लक्ष्मीला कळलंय. गुरवाच्या घरातून कळलं असणार. "त्याच्या दोन पोरी हायत. गाऱ्हाणं माणूस बघून थांबत न्हाई, घरावर जातंय." मग, "आपल्या पण घरावर जाईल." उद्या जावं की

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
गेलो.

पालखी बाहेर आली. बा. पुढच्या दांडीला, नवा फेटा. मी नारळ गुरवाच्या हातात दिला.

गुरव म्हणाला, "म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरानं चालू इंजिनावर पाणी मारलं. कळत असून मारलं."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बा.चा. त्याला मजा वाटत होती.

"लाजेपायी गप्प ऱ्हायलं, ही त्याची चूक."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्यानं इंजिन बंद करू नको म्हणून सांगितलं, आणि तुझ्या दारात उभं ऱ्हाऊन उलटं बोलला, त्यो हितंच हाय म्हाराजा. दोघांना ज्याचं त्याचं दे. वरसाच्या आत दे."

लोक म्हणाले, पण हळू. मी बा.कडेच बघत होतो. ओठ हलले. आवाज निघाला की नाही, सांगता येत नाही. दांडी त्यानं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पालखी पुढे गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आलो. लक्ष्मी दारातच होती.

"नाव घेतलं?"

"न्हाई."

"मग?"

"त्याला कळलं."

तिनं विचारलं, आपल्या वाट्याला काय येईल. मी म्हटलं, ठाऊक नाही.

गाऱ्हाणं घातलं. परत घेता येत नाही.