पान धरणारा अंगठा

६ ऑगस्ट
अक्काला जाऊन एकवीस दिवस. चार दिवसांचा ताप, दवाखाना, संपलं.
सकाळी कॅमेरा घेऊन मागच्या अंगणात गेलो. लिंबावर फुलपाखराच्या दोन अळ्या. कढीपत्त्यावर एक कोळी, तांदळाच्या दाण्याएवढा. वारा होता, पान हलत राहिलं. फोटो नऊ, सगळे धूसर. "अक्का, जरा धर गं," असं तोंडातून निघून गेलं. कॅमेरा पिशवीत टाकला.
भिंतीपलीकडून शेजारच्या शारदम्मा, कानडीत, जेवण झालं का म्हणून: "ऊटा आयता, अण्णा?" आयतु म्हणालो. जेवलो नव्हतो.

८ ऑगस्ट
पुतणीचा, शुभाचा फोन, व्हाइटफील्डहून, ऑफिसच्या कॅबमधून. "काका, आत्याचा एक चांगला फोटो पाठव ना. फ्रेम करून आणते रविवारी, हॉलमध्ये लावू." पाठवतो म्हणालो.
दिवसभर कॉम्प्युटर. अकरा वर्षांचे किडे. मुंग्या, मावा, ढालकिडे, नाकतोड्यांची पिल्लं. सख्खी बहीण, एका घरात जन्म गेला, आणि तिचा फोटो एक नाही. कॅमेरा तिच्याकडे वळवला की पदर तोंडावर. "माझं थोबाड कशाला रे? त्या अळीचं काढ. ती बघ कशी सजून बसलीये."

९ ऑगस्ट
दात घासताना लक्षात आलं. फोटोत ती होती की. जवळजवळ प्रत्येकात.
पान हलू नये म्हणून तीच धरायची. चौकटीच्या कडेला तिचा अंगठा यायचा. अर्धं कानडीत म्हणायची, "सरी, धरलं. लौकर आटप, श्वास घेऊ दे स्वल्प." मी क्लिक करेपर्यंत तीही श्वास धरून उभी.
आणि मी संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून तो अंगठा पुसायचो. त्या जागी हिरवं भरायचं, पानाची एखादी शीर ओढून घ्यायची. हात इतका बसला होता की कुठे पुसलंय ते आज मलाच सापडेना. मूळ फोटो काम झालं की उडवायचे, उगाच जागा खातात म्हणून. नियम माझाच. अकरा वर्षं नीट पाळला.
एकदा मागे उभी राहून बघत होती. "पुसलास ना रे मला?" हसत होती. मी हो म्हणालो. वर विचारलं, कळतंय का कुठे ते?
रडू येत नाही. दाताच्या इंजेक्शननंतर गाल असतो तसं सगळं. आपलंच आहे, पण लागत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
मी काही पाठवलं नाही, म्हणून शुभाने ओळखपत्रावरचा फोटो इथल्याच एका स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. रंग उजळ केलाय. सुरकुत्या गेल्या, हनुवटीवरचा तीळही गेला. मागे निळं.
"छान झालाय ना, काका?"
"कोण आहे ही?" म्हणालो. म्हणायला नको होतं.
"तू इतकी वर्षं घरात कॅमेरा घेऊन... आणि आत्याचा एक..." बरोबरच होतं तिचं.
खिळा मात्र ठोकून गेली. "पुढच्या रविवारपर्यंत दुसरा शोध. नाहीतर हाच लावू." फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलीये, तोंड आत करून.

१३ ऑगस्ट
मुंगी दिसली, एक. फोटो काढला नाही.

१५ ऑगस्ट
शर्टाचं बटण तुटलं म्हणून अक्काचा बटणांचा डबा उघडला. तळाशी कॅमेऱ्याचं जुनं कार्ड. खराब झालंय, टाकून दे म्हणून मीच तिला दिलेलं. तिने आयुष्यात काही टाकलंय? काखेत कळसा नि गावाला वळसा.
बरेचसे फोटो उघडतच नाहीत. एक उघडला. लिंबाचं पान, मधोमध अळी, केसन् केस स्पष्ट. उजव्या कडेला अंगठा. थोडा धूसर. नखात माती, पेरावर विळीचा जुना वण.
हात आपोआप पुसायला गेला. अर्धं नख गेल्यावर भानावर आलो.
मागे घेतलं. नख परत आलं. मग बराच वेळ माऊसला हात लावायची भीती वाटत होती. महिन्यात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तेही भीतीच.

१६ ऑगस्ट
फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. शुभाला पाठवला नाही. अंगठ्याला हार कोण घालतं? येणारे-जाणारे विचारतील. शुभा काय म्हणेल, माहीत नाही. निळ्यासमोरची ती गोरी बाई तरी माणसासारखी दिसते.
दुपारी अंगणात. कढीपत्त्यावरचा कोळी तिथेच. वारा. डाव्या हाताने पान धरलं, उजव्यात कॅमेरा, श्वास धरला. एक बरा आला. कडेला माझा अंगठा.
पुसला नाही.
खिळा रिकामाच आहे. शुभा उद्या सकाळी अकराला येते.