रविवारचं डुक्कर

२८ फेब्रुवारी १९८३

ती. होशियामामांस वर्लीनचा सा. न. वि. वि.

विशेष हेच की तुम्ही परत माझा फोन आपटलात. तुमच्या सख्ख्या भाच्याचा जबडा तुरुंगात फोडलाय, मोज्यात कुलूप घालून. माझा भाऊ लॉन्झेल नळीनं सूप पितोय आणि तुम्हाला बोलायला सवड नाही!

राज्याच्या कोर्टांनी त्याचा अर्ज दोनदा न ऐकताच फेकला. आता फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशानं हेबियसचा, म्हणजे चुकीच्या कैदेविरुद्धचा, अर्ज वाचून पंधरा मार्चला, मंगळवारी, सुनावणी लावलीय. न्यायाधीशाचं म्हणणं एवढंच, की पहिल्या वकिलानं बोलावलं असतं तर साक्षीला कोण आलं असतं, ते माणूस समोर आणा. मामी गेली. उरलात तुम्ही.

दुकानदार टिलमनची कवटी कुणीतरी हातोड्यानं फोडली, तेव्हा लॉन्झेल तुमच्या अंगणात डुक्कर कापत होता. तुम्ही डुकराच्या कपाळात गोळी घातलीत, त्यानं गळ्यात सुरी खुपसली. कोपरापर्यंत रक्त. तोच सदरा सरकारी वकिलानं खुनाचा पुरावा म्हणून ज्यूरीपुढे नाचवला. आपल्या त्या मेल्या वकिलानं रक्त कुणाचं हेसुद्धा विचारलं नाही. आणि तुम्ही मागच्या बाकावर, मांडीवर हॅट घेऊन गप्प!

मामीच्या थडग्यावर माझं एक फूल ठेवा. लोभ आहे की आटला, ते कळवा.

तुमची वर्लीन


५ मार्च

चि. वर्लीनला होशियामामाचे आशीर्वाद.

पोरी, तुझी जीभ तुझ्या आईवर गेलीय. लॉन्झेलसाठी मी रोज गुडघे टेकतो. पण तो रविवार होता गं. थंडी एकदाची पडली ती त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं असतं तर सगळं मांस नासलं असतं. मी चर्चचा डीकन, पाद्रीबुवांच्या हाताखालचा; रविवारी काम करणं आमच्यात पाप. रविवारी नांगर धरला म्हणून शेजाऱ्याच्या पोराला मीच सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली होती. आता एकाहत्तराव्या वर्षी तिथं मी उभा राहू?

डुक्कर शनिवारी कापलं, सदरा धुतला नव्हता, एवढं शपथेवर सांगतो. चालेल का, लॉन्झेलच्या नव्या वकीलबाईंना विचार.

इकडे पीच फुललेत. घोटा सुजलेलाच आहे. म्हाताऱ्यावर माया असू दे.

होशियामामा


९ मार्च

मामा, नमस्कार.

शनिवार चालणार नाही. टिलमन मेला रविवारी. शनिवारचं डुक्कर लॉन्झेलला कसं वाचवणार?

काल त्याला भेटून आले. न्हाणीघरात परत गाठलं त्याला. घासून टोक काढलेला टूथब्रश डाव्या डोळ्यात. डोळा गेला. आणि काचेपलीकडून मलाच सांगतो, मामाला छळू नकोस, त्या चर्चशिवाय त्याला आहे कोण. माझ्या तोंडात शिवी आली, त्याला नाही, तुम्हाला.

मामीनं त्या सोमवारी सकाळीच पाद्रीबुवांकडे त्याच डुकराचे ताजे सॉसेज पोचवले होते. बोटं चाटून खाल्ले त्यांनी. कापल्याचा वार विचारला होता का?

करू देत चर्चमध्ये तुम्हाला उभं. मी शेजारी उभी राहते. माफी मागून माणूस घरी जेवायला जातो. लॉन्झेल परत त्याच न्हाणीघरात जातो, आणि त्याला आता एकच डोळा आहे.

वकीलबाईंना फोन करून येतो म्हणा. खरा वार सांगायचा. उत्तर शनिवारी अंधार पडायच्या आत हवं. रविवारी नको. रविवारी तुम्ही काम करत नाही ना.

वर्लीन