बनुबाईची हाक

मी, अनुपमा महिपती उतेकर, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार वरची वाडी, कशेडी घाटाखाली, तालुका पोलादपूर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला राग आलेला आहे, पण रागाने अक्कल जात नाही, हे डॉक्टरांनीही तपासून मान्य केले. भाचा सुशांत याला घर देणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. कारण लिहिणे भाग आहे. आमची मुंबईची माणसे गणपतीला येताना आपले जुने मोबाइल इथे आणून टाकतात. "वापरा तुम्ही," म्हणतात, जणू दानच. मी खरोखर वापरले. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर आम्हाला फाटका मोजा कधी टाकू देत नसत. रफू करून तोच घालायला लावत. ती सवय हातात राहिली. सुशांतची बायको सेजल हिने टाकलेला टॅबलेट आज अंगणवाडीत मुलांना गाणी ऐकवतो. सुशांतच्या दोन जुन्या मोबाइलपैकी एक शेजारच्या बनुबाईच्या खाटेशी आहे, दुसरा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, टेपरेकॉर्डरच्या स्पीकरला जोडलेला. दोन्ही इंटरनेटवरून दिवसरात्र एकमेकांना जोडलेले असतात. बनुबाई एकटी राहते, पायाने अधू. ज्या स्पीकरवर दादा पहाटे भजने लावत, त्यातून आता "अनू गो" अशी हाक येते आणि मी गॅस बंद करून जाते.

२. गेल्या गणपतीत सुशांतने स्वयंपाकघरातल्या त्या मोबाइलचा प्लग काढून तिथे मखराच्या माळा लावल्या. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे तो लगेच बंद पडला. मला विचारले नाही. मी पाहुण्यांत होते. दुपारी मोदक घेऊन गेले तर बनुबाई मोरीत पडलेली, खुबा मोडलेला.

"सकाळधरनं हाका मारल्या गो," ती म्हणाली. "मंग म्हटलं, गणपती बसतोय, तू कामात असशील."

सुशांतला जाब विचारला. तो म्हणाला, "आत्या, भंगारच होतं ते. नवीन आणून देतो ना."

"आधी तिचा खुबा नवीन आणून दे," मी म्हटले. तो आरतीचा स्पीकर लावायला निघून गेला.

बनुबाई तेव्हापासून खाटेवर आहे. "पोरगा हाय गो तो, सोड," म्हणते. तिने सोडले. मी सोडलेले नाही.

३. घर, परसातली जागा आणि बँकेतले पैसे सुशांतची बहीण अक्षदा हिला. ती महाडला नोकरी करते, इथून जाऊन-येऊन करायला तयार आहे. बनुबाई जिवंत असेपर्यंत दोन्ही घरांची वीज आणि इंटरनेट यांचे बिल त्या पैशांतून आधी भरावे.

४. सुशांतची बायको सेजल हिने माझ्या दुरुस्तीच्या खोलीला भंगारखाना म्हटले होते. तिने दिलेला काचेचा डिनर सेट खोक्यासकट तिला परत. तो मी एकदाही वापरलेला नाही.

५. माझी दुरुस्तीची सर्व हत्यारे वाडीतला रिक्षावाला राजेश याला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. सुशांत गोड बोलेल, त्याला चहा द्यावा आणि बधू नये.

६. अक्षदा दिवसभर महाडला असणार. म्हणून स्वयंपाकघरातला मोबाइल सुशांतला. एवढीच त्याची वाटणी. तो त्याने मुंबईच्या घरी चालू ठेवावा. बनुबाईची हाक आली की आधी "ओ" द्यावी, मग राजेशला फोन करून तिच्याकडे धाडावे. बनुबाई सुशांतला एका शब्दानेही बोलणार नाही. उलट "जेवलास काय रे?" असे विचारेल. तेवढे त्याने ऐकून घ्यावे.

हे मी वाचून पाहिले. यातला एकही शब्द मला बदलायचा नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

अनुपमा महिपती उतेकर

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या:
डॉ. मालोजी शेलार, पोलादपूर
श्रुतिका अनिल सकपाळ, अंगणवाडी सेविका, वरची वाडी

पोलादपूर, १२ जानेवारी २०२६